पाळी जाण्याचे वय आणि पिशवीची घाई

युगांडाच्या पश्चिम भागात किबाले नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे न्गोगो या ठिकाणी चिंपांझींचा फार मोठा कळप राहतो आणि १९९५ पासून संशोधक त्या कळपाची जणू खानेसुमारीच ठेवत आले आहेत. कोण कोणाचे पोर, कोणती मादी कधी व्याली, कोण कधी मेले, सगळ्याची नोंद. या नोंदींबरोबर ते आणखी एक वस्तू गोळा करतात, ती म्हणजे चिंपांझींची लघवी. जनावराला बेशुद्ध न करता, सुई न टोचता त्याच्या शरीरात काय चालले आहे हे कळण्याचा तोच सोपा मार्ग. कधी लांब काठीच्या टोकाला प्लॅस्टिक लावून ती वरच्यावर झेलायची, कधी पानांवर पडलेले थेंब ड्रॉपरने टिपून घ्यायचे, बाटलीत भरायचे, गोठवायचे आणि प्रयोगशाळेला पाठवायचे. वाचताना नाक मुरडावेसे वाटेल. पण या बाटल्यांतून जे निघाले, त्याचा आपल्या घरातील चाळिशी-पन्नाशीच्या बायकांशी जवळचा संबंध आहे, म्हणून हा विषय आम्ही या महिन्यात घेतला आहे.

पाळी कायमची बंद व्हायची आणि त्यानंतरही बरीच वर्षे जगायचे, ही गोष्ट जंगलात राहणाऱ्या प्राण्यांत आजवर फारशी आढळली नव्हती. दात असलेल्या देवमाशांच्या मोजक्या जाती सोडल्या तर हे फक्त माणसात घडते अशी समजूत होती. बाकीच्या माद्या एकतर शेवटपर्यंत विणाऱ्या, नाहीतर विणे थांबले की लवकरच मरणाऱ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रायन वुड, केव्हिन लँगरग्रेबर, मेलिसा एमरी थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्गोगोचा हिशोब मांडला आणि ही समजूत सोडावी लागली. त्यांनी २१ वर्षांत १८५ माद्यांच्या जन्म-मृत्यूच्या आणि बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. तिशीनंतर माद्यांचे विणे कमी कमी होत जाते आणि पन्नाशीनंतर एकही बाळंतपण नोंदले गेलेले नाही. पण माद्या पन्नाशीनंतरही जगतात. काही तर साठी ओलांडतात. प्रौढ आयुष्याचा साधारण पाचवा हिस्सा त्या विणे संपल्यानंतर काढतात.

नुसत्या नोंदींवरून कोणी म्हणेल, म्हातारपणी नर जवळ आला नसेल, किंवा अशक्तपणामुळे गर्भ राहिला नसेल. इथे लघवीच्या बाटल्या कामाला आल्या. १४ ते ६७ वर्षे वयाच्या ६६ माद्यांचे ५६० नमुने तपासले गेले. त्यात चार हार्मोन मोजले. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या गटातील द्रव्ये पन्नाशीच्या सुमारास खाली आलेली होती, आणि एफएसएच व एलएच ही दोन वर चढलेली होती. हा अगदी तोच आलेख आहे जो पाळी जाण्याच्या वयातील स्त्रीच्या रिपोर्टवर दिसतो. वयही जवळपास तेच.

माणूस आणि वानर यांच्या नात्यावरचा जुना वाद आम्ही इथे काढणार नाही. दोघांच्या शरीरात तीच रसायने वाहतात आणि वयाप्रमाणे त्याच चालीने बदलतात, एवढे मोजून दिसते, आणि आपल्या कामाला तेवढे पुरे आहे.

आता दोन हार्मोन उतरतात तेव्हा दुसरे दोन का चढतात? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एफएसएच आणि एलएच रक्तात सोडून अंडाशयांना हाक देते की चला, या महिन्याचे बीज तयार करा. अंडाशय बीज वाढवता वाढवता इस्ट्रोजेन तयार करतात. ते इस्ट्रोजेन रक्तातून वर पोहोचले की पिट्युटरीला कळते, हाकेला ओ मिळाली, आणि ती आवाज खाली आणते. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख बीजे असतात, पुढे नवी तयार होत नाहीत. त्यांतील जेमतेम चारशे पिकून बाहेर पडतात, बाकीची दर महिन्याला आपोआप विरत जातात. पन्नाशीच्या आसपास हजारभर उरतात. मग हाकेला उत्तर येत नाही. वर्गात उत्तर आले नाही की शिक्षकाचा आवाज चढतो, तसाच पिट्युटरीचा चढतो. एफएसएच कितीतरी पटींनी वाढते आणि मूत्रपिंडांतून गाळून लघवीत उतरते.

या चढलेल्या आवाजाचा एकदा मोठा चमत्कारिक उपयोग झाला. इटलीत पिएरो डोनिनी या रसायनशास्त्रज्ञाने १९४९ साली पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून एफएसएच आणि एलएच वेगळे काढले. ज्यांचे बीज पिकत नाही अशा तरुण बायकांना हे औषध म्हणून देता येईल ही त्यामागची कल्पना. पण त्यासाठी लघवी लागणार पिंपेच्या पिंपे, तीही अशा बायकांची ज्यांची पाळी गेली आहे आणि ज्यांच्यात कोणी गरोदर असण्याची शक्यता नाही. उत्तर सापडले ख्रिस्ती मठांत. वयस्क नन्सनी रोजची लघवी जमवून दिली, कंपनीच्या गाड्या ती नेत राहिल्या, आणि त्यातून बनलेल्या इंजेक्शनाने १९६२ साली पहिले मूल जन्माला आले. ज्या हार्मोनचा चढलेला आकडा रिपोर्टवर पाहून आपल्याकडे बायका घाबरतात, त्याच आकड्याच्या जोरावर कितीतरी घरांत पाळणा हलला. आम्हाला ही हकिकत फार आवडते.

विणे थांबल्यावरही मादीला आयुष्य का दिले गेले असावे, यावर विचार करणारे बरेच आहेत. क्रिस्टन हॉक्स या बाईंनी टांझानियातील हाडझा लोकांत पाहिले की वयस्क बायका दिवसभर जमीन उकरून कंद काढतात आणि नातवंडांना खाऊ घालतात. आजी कमावते म्हणून लेकीला पुढचे मूल लवकर होते आणि आधीचे जगते. आपल्या घरांत हे कोणाला सांगायची गरज नाही. नानी-दादी हिंडत्याफिरत्या असल्या तर सुनांची नोकरी टिकते. पण न्गोगोत हे उत्तर लागू पडत नाही. चिंपांझींत मुलगी वयात आली की दुसऱ्या कळपात निघून जाते, मुलगे आईच्या कळपात राहतात. लेक ‘सासरी’ गेली ती गेली, माहेरपण नाही. त्यामुळे म्हाताऱ्या माद्या लेकीच्या पोरांना सांभाळतात हे संभवत नाही. मग कारण काय? काही जण म्हणतात, न्गोगोत अन्न भरपूर आहे आणि बिबट्यासारखा शिकारी उरलेला नाही, म्हणून तिथल्या माद्या इतक्या जगल्या. दुसरे म्हणतात, चिंपांझी मुळात इतके जगू शकतातच, इतर ठिकाणी माणसांकडून लागणाऱ्या सर्दी-पडशासारख्या रोगांनी ते लवकर मरतात म्हणून आपल्याला दिसले नाही. आम्हाला दुसरे कारण जास्त पटते, पण निकाल अजून लागायचा आहे.

याच प्रश्नावर अमेरिकेच्या प्रयोगशाळांत रीसस माकडांवर बरेच काम झाले आहे. ही माकडे आपल्याच देशातली. रक्तगटापुढे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहितात, त्यातला ‘आरएच’ याच माकडाच्या नावावरून आला. विसाव्या शतकात उत्तर भारतातून ती जहाजे भरभरून परदेशी जात, अखेर १९७८ मध्ये भारताने निर्यात बंद केली. आजही तिथल्या माकडांना ‘भारतीय वंशाची’ म्हणूनच ओळखतात. रीसस मादीला बाईसारखीच साधारण २८ दिवसांनी पाळी येते आणि ती पंचविशीच्या सुमारास बंद होते. पिंजऱ्यात, औषधपाण्यात काही माकडे त्यानंतरही जगतात. डीएचईए नावाचा आणखी एक हार्मोन आहे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी तो बनवतात. तारुण्यात तो सर्वांत जास्त असतो आणि नंतर हळूहळू उतरत जातो. ही उतरण माणसात आणि रीससमध्ये सारखीच दिसते, बाईत आणि पुरुषातही.

पुरुषांचे काय, हे विचारणारे वाचक असतीलच. पुरुषाची पाळी नाही, म्हणून अचानक बंद होण्यासारखेही काही नाही. टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर हळूहळू उतरतो. पीटर एलिसन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिका, काँगो, नेपाळ आणि पॅराग्वे या चार ठिकाणच्या पुरुषांची लाळ तपासून तुलना मांडली. तरुण वयात अमेरिकी पुरुषांचा टेस्टोस्टेरॉन इतरांहून बराच वर होता, म्हातारपणी मात्र चौघांचे आकडे जवळजवळ एकाच ठिकाणी आले. म्हणजे ज्याला आपण ‘उतार’ म्हणतो, तो भरपूर खाऊन कमी राबणाऱ्या समाजात जास्त तीव्र दिसतो. रेल्वे रुळाकडेच्या भिंतींवर ‘गेलेली ताकद परत’ देणाऱ्यांनी हे वाचावे अशी आमची अपेक्षा नाही. वाचणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. आणखी एक हार्मोन कॉर्टिसॉल, ताणाचा. त्याचे प्रमाण वयाबरोबर चढते. किबालेच्याच जंगलात कन्यावारा येथील चिंपांझींच्या २० वर्षांच्या नमुन्यांत हे दिसले आणि ते २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यांना ना कर्जाचा हप्ता, ना मुलीच्या लग्नाची चिंता, तरी चढते. त्यामुळे म्हातारपणीची चिडचिड सगळी सुनेच्या डोक्यावर फोडू नये.

वयात येणाऱ्या मुलींविषयी आजकाल शाळेत बोलले जाते, घरातही आई कानात चार गोष्टी सांगते. या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाविषयी मात्र कोणी बोलत नाही. उर्दूत या काळाला ‘सिन्न-ए-यास’ म्हणतात. ‘सिन्न’ म्हणजे वय आणि ‘यास’ म्हणजे निराशा, आस तुटणे. मराठीत ‘रजोनिवृत्ती’, म्हणजे सरकारी नोकरी संपल्यासारखे. दोन्ही शब्द घरातल्या बाईच्या तोंडी नसतात. ती म्हणते, ‘पाळी गेली, सुटले.’ त्यात निराशा आम्हाला कधी ऐकू आली नाही. उलट रमजानमध्ये एखादी खाला समाधानाने सांगते की आता तीसचे तीस रोजे होतात, नंतर कजा करायची कटकट राहिली नाही.

पण जाण्याआधीची तीन-चार वर्षे, कधी त्याहून जास्त, अंडाशय कधी उत्तर देतात, कधी देत नाहीत. इस्ट्रोजेन एका महिन्यात खाली तर दुसऱ्या महिन्यात नेहमीपेक्षाही वर. पाळी तीन आठवड्यांनी येते, मग दोन महिने येत नाही, आली की धो धो जाते. मेंदूत शरीराची उष्णता सांभाळणारे केंद्र असते, तेही इस्ट्रोजेनच्या चढउताराने बावचळते. जराशी उष्णता वाढली तरी त्याला वाटते अंग तापले, आणि चेहरा-मान लाल होऊन घाम फुटतो. रात्री पंखा वाढवला की नवरा चादर ओढून कुरकुरतो. झोप मोडते, आणि सलग महिना झोप मोडलेली बाई कोणाशी गोड बोलणार? घरात मात्र निदान ठरलेले असते की अम्मीचा स्वभाव बिघडला. अम्मीचा स्वभाव जसा होता तसाच आहे. तिची झोप बिघडली आहे, आणि त्यावर इलाज आहेत.

सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असे डॉक्टर मानतात. भारतात हे सरासरी ४६-४७ च्या सुमारास घडते, पाश्चात्य देशांत ५१ च्या आसपास. वय ४५ च्या पुढे असेल आणि लक्षणे वर सांगितल्यासारखी असतील तर त्याच्या निदानासाठी हार्मोनची रक्ततपासणी सहसा लागत नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना दिलेल्या अधिकृत सूचना हेच सांगतात, कारण या काळात एफएसएच आज एक तर पुढच्या आठवड्यात भलतेच असते. तरी पॅथॉलॉजीच्या पाट्यांवर हार्मोनचे ‘पॅकेज’ असते आणि ते खपते. चाळिशीच्या आत पाळी बंद पडली तर गोष्ट निराळी. तेव्हा तपासणी हवीच.

आता मुख्य मुद्दा. न्गोगोच्या माद्यांचे विणे तिशीनंतर मंदावते आणि पन्नाशीला थांबते, म्हणजे ही उतरण जवळजवळ वीस वर्षांची. स्त्रीचेही असेच. पाळी गेल्यावरसुद्धा अंडाशय एकदम मरत नाहीत, काही काळ थोडे थोडे हार्मोन देत राहतात. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. आणि आपल्याकडे हीच वीस वर्षांची उतरण एका दुपारच्या ऑपरेशनमध्ये उरकली जाते. पिशवी काढणे हा शब्द आता इतका सोपा झाला आहे की दाढ काढल्यासारखा वापरला जातो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे दर सहा जणींत एक. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील बायकांचा देशाचा आकडा शंभरात सुमारे तीन होता. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, पाळीच्या दुखण्याने एक दिवस खाडा पडला तर मुकादमाचा दंड, फडावर ना संडास ना पाणी. मग अंगावरून पांढरे जाऊ लागले, जंतुसंसर्ग झाला, पोट दुखले, की गावातला दवाखाना सांगणार, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका. साध्या गोळ्यांनी जाणारे दुखणे आयुष्यभराचे झाले. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच तक्रारींवरून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना अनावश्यक पिशवी काढण्याला आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे लागू करायला सांगितले.

आपण ऊस तोडत नाही म्हणून हे आपले नाही, असे समजू नये. शहरांतल्या आपल्या मोहल्ल्यांतही ‘मुले झाली, आता तिचा काय उपयोग’ हे वाक्य सर्रास ऐकू येते, आणि ते बायकाच बायकांना सांगतात. पिशवी आणि अंडाशय या दोन वेगळ्या वस्तू आहेत हेच पुष्कळांना ठाऊक नसते. पिशवी म्हणजे गर्भाशय, ती हार्मोनचा कारखाना नव्हे. कारखाना अंडाशय. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, अंडाशय काम करत राहतात, जरी ते काही वर्षे आधी थकू शकतात. पण पिशवीबरोबर ‘पुढची कटकट नको’ म्हणून दोन्ही अंडाशय काढले, तर इस्ट्रोजेन दोन-चार दिवसांत तळाला जाते. पस्तीस वर्षांच्या बाईला झोपेतून उठून साठीतले शरीर मिळाल्यासारखे होते. घामाचे लोट येतात, हाडे भुगभुशीत होण्याचा वेग वाढतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा तरुण बाईला नैसर्गिक वय येईपर्यंत हार्मोनच्या गोळ्या द्याव्यात असा वैद्यकीय सल्ला आहे, पण तो तिच्यापर्यंत पोहोचत नाही. टाके काढायला गेली ती शेवटची भेट.

पिशवी कधीच काढू नये असे आम्ही म्हणत नाही. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, रक्तस्राव कशानेही थांबत नसेल आणि अंगातले रक्त उतरत असेल तर ऑपरेशन जीव वाचवते. पण जास्त रक्त जाण्यावर आधी गोळ्या आहेत, पिशवीच्या आत बसवायचे हार्मोनचे साधन आहे, गाठ असेल तर कधी नुसती गाठ काढता येते. आणि एक उलटी खबरदारीही आहे. वर्षभर पाळी बंद राहून नंतर पुन्हा रक्त दिसले, अगदी एक डाग जरी दिसला, तर ‘परत आली असेल’ म्हणून लाजेने दडवू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे, कारण पिशवीच्या आतल्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.

ऑपरेशन सुचवले गेले तर संमतीपत्रावर सही किंवा अंगठा करण्याआधी घरातल्या शिकलेल्या कोणीतरी, मुलगी असली तर मुलीने, डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. नेमका आजार कोणता, त्याचे नाव कागदावर लिहून द्या. गोळ्या किंवा दुसरा उपाय करून पाहिला का, नसेल तर का नाही. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला का. अंडाशय ठेवणार की काढणार, आणि काढणार तर कशासाठी. सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन दुसऱ्या, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावा. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. आणि ऑपरेशन झालेच तर काढलेली पिशवी तपासणीला पाठवायला सांगून तिचा रिपोर्ट मागून घ्यावा, डिस्चार्ज कार्डासोबत जपून ठेवावा. त्या कार्डावर अंडाशयांबद्दल काय लिहिले आहे तेही घरी येण्याआधीच वाचून घ्यावे.